टेबलाखालची सत्तेचाळीस मिनिटं: पेट-फ्रेंडली हॉटेलातल्या एका फसलेल्या जेवणाचं प्रकरण

पुण्यातल्या बाणेर भागातलं एक घर. नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि खारी. खारी म्हणजे 3 वर्षांची, 18 किलो वजनाची, तांबूस रंगाची देशी कुत्री. दोन महिन्यांची असताना रस्त्यावरून घरात आली. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी नीट वागते, आजवर कुणाला चावलेली नाही. लसी वेळच्या वेळी दिलेल्या, पालिकेचा परवाना काढलेला. एप्रिलमधल्या एका शनिवारी हे तिघं आणि एक मित्र-जोडपं खारीला घेऊन जवळच्याच एका पेट-फ्रेंडली गार्डन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले. 7.40 ला टेबलावर बसले आणि 8.27 ला खारी लोखंडी खुर्चीसकट पळाली.

नुकसान तसं थोडक्यात निभावलं. वेटरच्या हातातला सिझलर खाली पडला, पण कुणाला भाजलं नाही. शेजारच्या टेबलावरचा सहा वर्षांचा मुलगा धावपळीत पडला आणि त्याचा गुडघा खरचटला. दोन कुंड्या फुटल्या. खारीच्या पुढच्या पायाचं एक नख उपटलं. मॅनेजरचं म्हणणं पडलं, कुत्री आक्रमक आहे. घरच्यांचं म्हणणं, कंपाउंडवर मांजर आलं म्हणून हे झालं. तपासल्यावर दोन्ही म्हणणी टिकली नाहीत.

(अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. कुत्रीचं नावही खरं नाही.)

मिनिटांचा हिशेब

अशा प्रसंगानंतर प्रत्येकाला शेवटची दोन मिनिटं तेवढी आठवतात, आणि कारण बहुतेक वेळा त्याआधीच्या तासा-दोन तासांत असतं. इथे बिलावरच्या वेळा होत्या आणि मित्राच्या मोबाइलमध्ये तीन छोटे व्हिडिओ होते, त्यामुळे क्रम बऱ्यापैकी लावता आला.

संध्याकाळी सहाला खारीचा रोजचा पाऊण तासाचा फेरा असतो. त्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून तिला पाच मिनिटं खाली नेलं, शू झाली, वर आणलं. साडेसहाला तिला पूर्ण जेवण दिलं. हेतू चांगला होता, पोट भरलेलं असलं की ती टेबलाशी लुडबुड करणार नाही. पण याचे दोन परिणाम झाले. भरल्या पोटी खाऊची किंमत उतरते, म्हणजे मालकाच्या हातातलं मुख्य साधनच बोथट झालं. शिवाय जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे आठच्या सुमाराला तिला शी लागणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. फेरा झाला नव्हता, म्हणजे तीही बाकी.

टेबल मिळालं ते अगदी कोपऱ्यातलं. तिथे ‘पेट टेबल’ दोनच, आणि दोन्ही पाण्याचे जग, चमचे, नॅपकिन ठेवायच्या कपाटाला लागून. स्वयंपाकघरातून बाहेर येणारा प्रत्येक वेटर तिथूनच वळायचा. खाली काळा कडप्पा होता आणि त्यावर दिवसभराचं ऊन पडलेलं.

पहिला व्हिडिओ 7.52 चा. खारी बसते, उठते, पुन्हा बसते. पुढचा एक पाय उचलते, ठेवते, मग दुसरा उचलते. जीभ दोनदा नाकावरून फिरवते. मित्राचा आवाज येतो, “बस ना गं, किती ती चुळबुळ!” त्यामागे आजींचा आवाज, “अरे, तिला खाली गरम लागतंय.” पुढचं वाक्य मेनूकार्डाबद्दल आहे.

आजींचं निदान अचूक होतं. आठच्या सुमाराला कडप्प्याने पायाचे तळवे भाजत नाहीत, पण कुत्र्याच्या पोटाखाली केस विरळ असतात आणि गार फरशीवर पोट टेकून अंगातली उष्णता घालवायची त्यांची सवय असते. खालून ऊब येत असेल तर कुत्रं आडवं पडत नाही. आडवं पडलं नाही तर शांत होत नाही, उभं राहून धापा टाकत आजूबाजूला बघत राहतं. पाहणाऱ्याला तो हट्टीपणा वाटतो. फरशी तपासायची सोपी रीत अशी: हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवायची. चटका बसून हात उचलावा लागला तर कुत्र्याला त्यावर चालवूही नये, आणि नुसती कोमट लागली तरी अंथरूण घातल्याशिवाय बसवू नये.

आठ वाजता स्टार्टर आलं. मित्राने टेबलाखालून तंदुरी टंगडीचं हाड आणि कांद्याच्या दोन चकत्या दिल्या. खारीने हाड कडाकडा चावून गिळलं.

दुसरा व्हिडिओ 8.09 चा, आणि या प्रकरणातला सगळ्यात बोलका. बायको खारीला तिचं नेहमीचं बिस्किट देते. खारी ते तोंडात घेते, तोंड किचनच्या दाराकडे वळवते आणि बिस्किट खाली टाकते. मग मोठी जांभई. मान एकीकडे, डोळे दुसरीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. कान मागे. टेबलावर कुणीतरी म्हणतं, “झोप आली बघ तिला.” झोप आली नव्हती. झोपेच्या वेळेशिवाय येणारी जांभई, नाक चाटणं, पांढरा डोळा आणि आवडीचं खाणं तोंडातून टाकणं, हे सगळं एकाच मिनिटात दिसलं तर अर्थ एकच: हिला इथून जायचंय. 8.10 ला बिल मागितलं असतं, किंवा निदान कुणी एकाने तिला दहा मिनिटं बाहेर फिरवून आणलं असतं, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

8.15 ला मांजर आलं. कंपाउंडवरून चालत गेलं, खारीने टक लावून पाहिलं, भुंकलीसुद्धा नाही. नवऱ्याने पट्टा आखडला, “खारी, नो!” म्हणून दटावलं, आणि मुख्य जेवण येत होतं म्हणून पट्टा रिकाम्या खुर्चीच्या पायाला बांधला. दीड फूट उरला. आता तिला उठून दूरही जाता येत नव्हतं.

8.24 ला शेजारच्या टेबलाचा पहिला सिझलर तीन फुटांवरून गेला. तिसऱ्या व्हिडिओत तिचा चेहरा दिसत नाही, फक्त पट्टा ताणलेला दिसतो. 8.27 ला दुसरा आला.

सिझलर कुत्र्याच्या जागेवरून बघावा. तापलेली बिडाची थाळी, लाकडी पाट, वरून ओतलेलं लोणी-पाणी, चर्रर्र आवाज, धूर आणि उडणारे थेंब. आवाज टेबलापर्यंत टिकला पाहिजे म्हणून वेटर घाईत असतो आणि त्याची नजर थाळीवर असते, खाली नसते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 40,000 च्याही पुढचे. तो चर्रर्र आपल्याला जिथे संपल्यासारखा वाटतो तिथे त्यांच्यासाठी संपत नाही. थाळी डोक्यावरून जाताना खारी उडी मारून मागे सरली, पट्ट्याने खुर्ची ओढली गेली, खुर्ची फरशीवर किंचाळली. मग खारी पळाली ती सिझलरला घाबरून नव्हे. पाठीमागे लागलेल्या खुर्चीला घाबरून पळाली. ती जितक्या जोरात पळेल तितक्या जोरात खुर्ची मागून येणार. अशी खुर्ची चार-पाच किलोची असते. 18 किलोच्या कुत्रीला ती सहज ओढता येते आणि सहज सोडवता येत नाही.

उकाडा, अडलेली शी, चुकलेला फेरा, सतत वर्दळ, मांजर, दटावणी, आखूड पट्टा, पहिला सिझलर. यातली कुठलीही एक गोष्ट खारीने पचवली असती. मांजर तर तिने पचवलंच. पण एका ताणाचा असर उतरायच्या आत दुसरा आला की बेरीज होत जाते. म्हणून “सिझलरने घाबरली” किंवा “मांजर दिसलं” अशी एकेरी कारणं इथे उपयोगाची नाहीत. पुढच्या वेळी सिझलर नसेल, फटाका असेल.

दुसऱ्या दिवसाची उलटी

रविवारी सकाळी खारीने दोनदा उलटी केली. घरच्यांनी इंटरनेटवर वाचलं, कांदा कुत्र्याला विषारी. घाबरून तिला डॉक्टरांकडे नेलं. माहिती खरी होती, पण घाबरायचं कारण चुकीचं होतं.

कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, हे खरं. पण मात्रा लागते. एका वेळी दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कच्चा कांदा खाल्ला तर रक्तात लक्षणीय बदल दिसतात आणि वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधेची शक्यता धरतात. 18 किलोच्या खारीसाठी ही सावध रेषा 90 ग्रॅमची, म्हणजे एक मध्यम कांदा. दोन चकत्या त्याच्या खूप खाली. लसूण मात्र कांद्याहून तीव्र, आणि ग्रेव्हीत दोन्ही आटून एकवटलेले असतात, म्हणून “जराशी ग्रेव्ही भाताला लावून” हा लाड चकत्यांपेक्षा वाईट. रोज थोडं थोडं दिलं तरी परिणाम साठतो. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात: मरगळ, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी.

खरा धोका हाडाचा होता. शिजलेलं, त्यातही तंदूरमध्ये भाजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार काड्या होतात. त्या घशात, जठरात, आतड्यात कुठेही रुतू शकतात. घरी मीठपाणी पाजून उलटी करवायचा खटाटोप इथे अजिबात करू नये, गिळलेली काडी वर येताना अन्ननलिका फाडू शकते. एक्स-रेमध्ये खारीच्या पोटात दोन तुकडे दिसले. ते सुदैवाने दोन दिवसांत शीतून निघून गेले. तोवर डॉक्टरांनी चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगितलं: पुन्हा पुन्हा उबळ येणं, शी न होणं किंवा शीत रक्त दिसणं, पोटाला हात लावू न देणं, खाणं सोडणं.

हॉटेलच्या टेबलावर आणखी काय काय असतं तेही सांगून ठेवतो. बिर्याणीतले किंवा शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. साखरविरहित गोडात किंवा च्युइंगगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर किलोमागे 0.1 ग्रॅमलाही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डार्क चॉकलेटचा ब्राउनी दुधाच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी वाईट. आणि टिक्क्याची बांबूची काडी. मसाल्याचा वास मुरलेली ही काडी कुत्री आख्खी गिळतात, म्हणून काड्या मोजून ताटात परत ठेवाव्यात.

हॉटेलचं काय चुकलं

‘पेट-फ्रेंडली’ या पाटीला आपल्याकडे ठरलेला अर्थ नाही. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतल्या अनुसूची 4 चा रोख स्पष्ट आहे, अन्न जिथे बनतं आणि हाताळलं जातं तिथे प्राणी नकोत. म्हणून बहुतेक जागा कुत्र्यांना बाहेरच्या मोकळ्या भागात बसवतात, आणि ते योग्यच. पण बाहेरच्या भागातलं जे टेबल माणसं नाकारतात तेच ‘पेट टेबल’ होतं. किचनच्या वाटेवरचं, हात धुवायच्या जागेजवळचं किंवा फाटकाशी, जिथे बाहेरची कुत्री येऊन उभी राहतात. माणसाला त्या कोपऱ्याचा नुसता कंटाळा येतो, कुत्र्याचा तिथे कस लागतो.

या हॉटेलला नंतर तीन बदल सुचवले आणि त्यांनी ते केले. पेट टेबल भिंतीकडे, वाहत्या वाटेपासून किमान सहा फूट आत. त्या भागात सिझलर द्यायचा असेल तर वेटरने लांबच्या बाजूने वळसा घालायचा. आणि जमिनीत पक्की बसवलेली कडी, म्हणजे लोक खुर्चीला पट्टा बांधणार नाहीत. अर्थात कडी म्हणजे सोय आहे, राखणदार नव्हे. कडीला बांधून सगळ्यांनी बुफेकडे निघून जाणं हे खुर्चीला बांधण्याइतकंच वाईट.

कायद्याची बाजू मालकांनीही लक्षात ठेवायला हवी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हॉटेलची पाटी ही जबाबदारी उचलत नाही. या प्रकरणात नवऱ्याने त्याच रात्री मुलाच्या आई-वडिलांना आपला फोन नंबर आणि खारीच्या लसीच्या नोंदीचा फोटो दिला. दात लागलेला नव्हता, तरी हे केल्यामुळे भांडण वाढलं नाही. दात किंवा नख लागलं असतं तर मात्र जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

सहा आठवड्यांची तयारी

घरच्यांना वाटत होतं, खारीला ‘सिट’ आणि ‘स्टे’ येतं, आणखी काय हवं? हॉटेलात यांचा उपयोग फार थोडा. तिथे लागतं एकच कसब: आपल्या जागेवर आडवं पडून तासभर काहीही न करणं. हुकूम पाळत ताठ बसलेलं कुत्रं शांत नसतं, ते ड्यूटीवर असतं.

जागा ठरवण्यासाठी आजींनी जुनी गोधडी दिली. चार पदरी घडी घालून साधारण अडीच फूट बाय तीन फूट. तिला घराचा वास होता, कडप्प्याची ऊब त्यातून वर येत नाही आणि घडी पिशवीत मावते. बाजारातल्या कुठल्याही मॅटपेक्षा हा पर्याय सरस ठरला.

पहिले दोन आठवडे सगळं घरातच. दिवसातून दोनदा, प्रत्येकी दहा मिनिटं. खारीने गोधडीवर पाय ठेवला की खाऊ गोधडीवरच ठेवायचा, हातातून द्यायचा नाही. हातातून दिला की कुत्रं हाताकडे बघत राहतं, जमिनीवर मिळाला की मान खाली जाते आणि मागोमाग अंगही. खाऊ म्हणजे बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे, आणि तेवढं रोजच्या जेवणातून वजा. दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर खाऊ जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला दर तीन सेकंदांनी एक तुकडा, मग दहा, मग तीस, मग मिनिटाने. ती एका बाजूला कलून, मागचा पाय मोकळा सोडून पडली की लागोपाठ तीन तुकडे. ती उठून गेली तर रागवायचं नाही, हाक मारायची नाही, खाऊ बंद एवढंच. दोन आठवड्यांच्या शेवटी घरचे चौकोनी टेबलावर जेवत असताना ती 25 मिनिटं पडून राहायला लागली.

दुसऱ्याच आठवड्यात आवाजाचं काम सुरू केलं. घरात सिझलर कुठून आणणार? तापलेल्या तव्यावर चमचाभर पाणी टाकलं की तोच चर्रर्र आवाज येतो. खारी हॉलच्या टोकाला गोधडीवर, तवा स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. आवाज झाला की लगेच चिकनचा तुकडा, आवाज थांबला की तुकडेही बंद. इथे क्रम महत्त्वाचा आहे, आधी आवाज आणि मग खाऊ. उलटं केलं तर खाऊची पिशवी दिसली की आता काहीतरी भयंकर होणार, असं कुत्रं शिकतं. एका वेळी पाच चर्रर्र, दिवसाआड. कान मागे गेले किंवा तुकडा पडून राहिला तर अंतर वाढवायचं. दार उघडं, मग ओट्याशी कुणी उभं, मग तवा हातात घेऊन दाराबाहेर, असे टप्पे. चार आठवड्यांत तवा बारा फुटांपर्यंत आला. त्याहून जवळ खारीने स्वीकारलं नाही आणि तिथेच थांबलो. लोखंडी खुर्ची फरशीवर ओढण्याचा आवाजही याच रीतीने घेतला, तो लवकर जमला.

तिसरा आठवडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये. चौथ्यात पहिली माघार झाली. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवर जायचं ठरलं. एक चहा, पंधरा मिनिटं, गोधडी फुटपाथच्या आतल्या बाजूला. पहिल्याच दिवशी तिथली तीन कुत्री क्रीमरोलच्या आशेने जमली आणि खारी भुंकायला लागली. चूक निवडीची होती. चहाच्या टपरीला तिची ठरलेली कुत्री असतात, आणि देशी कुत्रीला दुसऱ्यांच्या इलाख्यात आडवं पडायला लावणं म्हणजे तिच्याकडून फारच मागणं झालं. दोन दिवस सुट्टी दिली, मग जागा बदलली. बंद फाटक असलेली एक नर्सरी, बाकावर बसून घरून नेलेला थर्मासचा चहा. पाच दिवसांत वीस मिनिटं जमली.

पाचव्या आठवड्यात हॉटेल, पण न जेवता. मंगळवारी दुपारी साडेचारला फक्त कॉफी, पंचवीस मिनिटं, आणि ती अजून शांत असतानाच उठायचं. असं तीनदा.

फोनवर काय विचारावं

“डॉग्ज अलाउड का?” या प्रश्नाला सगळीकडे “हो हो, या ना” असंच उत्तर मिळतं, त्यातून काही कळत नाही. घरच्यांनी विचारायला सुरुवात केली ती अशी: पेट टेबल किचनच्या दारापासून किती लांब आहे? खाली फरशी कसली, दुपारी तिथे ऊन येतं का? हॉटेलचं स्वतःचं मांजर किंवा कुत्रं मोकळं असतं का? त्या वेळेला लाइव्ह म्युझिक आहे का? मेनूत सिझलर आहेत का? तुषार उडवणारे पंखे त्याच भागात आहेत का? (त्या पंख्यांचा फुसफुसाट आणि अंगावर येणारा ओलावा बऱ्याच कुत्र्यांना नको असतो.) गाडी जवळ लावता येते का, म्हणजे निघायचं झालं तर तीन मिनिटांत निघता येईल? एका ठिकाणी फोनवरचा मुलगा म्हणाला, “दादा, कोपऱ्यातलं झाडाखालचं देतो, पण शनिवारी नका येऊ.” या उत्तरावरच ती जागा पक्की झाली.

दुसरं जेवण

बुधवार, सकाळी साडेआठ, नाश्ता. आदल्या दिवशी खारीला नेहमीचा दिनक्रम. सकाळी सात ते पावणेआठ फेरा, त्यात निम्मा वेळ नुसतं हुंगू देण्यात. शी-शू उरकलेली. निघण्याआधी जेवण अर्धंच.

पिशवीत गोधडी, एक लीटर पाणी, घडीचं वाडगं, शीच्या पिशव्या, टिश्यू, खाऊची डबी आणि पोकळ रबरी खेळणं. खेळण्यात बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला. असं खेळणं चाटून रिकामं करायला खारीला वीस-बावीस मिनिटं लागतात, आणि चाटण्याने कुत्री निवतात. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छाती-पाठीवर बसणारा पट्टा), सहा फुटांचा साधा पट्टा. बटण दाबून लांब होणारा पट्टा हॉटेलात आणूच नये, त्याची दोरी वेटरच्या पायात जाते आणि जड मूठ हातातून सुटली की ती खुर्चीसारखीच मागे लागते.

टेबलाशी आल्यावर आधी बायको एकटी जाऊन जागा पाहून आली, फरशीला हात लावला, टेबलाखालचे कालचे तुकडे उचलले. मग खारी. भिंत तिच्या पाठीशी, माणसं तिच्या आणि वाटेच्या मध्ये. पट्ट्याची मूठ नवऱ्याच्या मांडीखाली, मधला भाग त्याच्या बुटाखाली, खारीला उठता-वळता येईल एवढा सैल. वेटरला सुरुवातीलाच सांगितलं, ताटं दुसऱ्या बाजूने द्या, तिच्या डोक्यावरून हात नेऊ नका. “बिस्किट देऊ का ताई तिला?” “नको, उठताना द्या.” पाणी घरच्या वाडग्यात, हॉटेलच्या ताटलीत काही नाही. शेजारच्या टेबलावर कुत्र्याची शिसारी असलेलंही कुणी बसलेलं असतं आणि त्याचंही पैसे मोजून आलेलं जेवण असतं. ऑर्डर एकदमच दिली आणि बिलही तेव्हाच मागून ठेवलं.

अठराव्या मिनिटाला एक मुलगी हात पुढे करून धावत आली. बायको उठून मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “ती आत्ता आराम करतेय बाळा, जाताना भेटूया.” हे वाक्य घरून ठरवून आलेलं होतं. ऐनवेळी सौजन्य आडवं येतं आणि माणसं “घे ना, काही करत नाही ती” म्हणून बसतात. पस्तिसाव्या मिनिटाला आत कुठेतरी ट्रे पडला. खारीने मान वर केली, आजींकडे पाहिलं, गोधडीवर पडलेला तुकडा खाल्ला आणि मान परत टेकवली.

बावन्नाव्या मिनिटाला तिने लागोपाठ दोनदा नाक चाटलं आणि उठून गोधडीवरच जागा बदलली. आजी म्हणाल्या, “चला आता.” फिल्टर कॉफी अर्धी राहिली, ती कागदी कपात ओतून घेतली.

त्यानंतर खारी महिन्यातून दोन-तीनदा बाहेर येते. दोनच ठिकाणी, दोन्ही सकाळची. पावसाळ्यात बंद, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराचा) धोका आणि बाहेरच्या टेबलांना कोरडी जागा नाही. सिझलर असलेल्या जागा यादीतून कायमच्या काढल्या, बारा फुटांच्या आत तो आवाज तिला आजही सोसत नाही. शनिवारी रात्री सगळे बाहेर जेवायला जातात तेव्हा ती घरी असते, पंखा चालू, गोठवलेला दहीभात समोर.